पाच गुणांचा प्रश्न

एप्रिल संपत आलाय. कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतून
पेपर तपासायला बसलो.
खसच्या ओल्या वासात, प्रश्न चौथा:
अमेरिकेतील यादवी युद्धाची कारणे व परिणाम लिहा. गुण पाच.

बहुतेकांनी गाईडातलं उतरवलंय, स्वल्पविरामांसकट.
शेवटी ते वाक्य, मीच तीस वर्षं शिकवलेलं:
या युद्धामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला.
तिथं लाल पेन आपोआप बरोबरची खूण करतं.

मग शाहीन मन्सुरीची उत्तरपत्रिका.
गड्डीगोदामात तिचे अब्बा गाद्या पिंजतात,
कागदाच्या घडीत एक तंतू अडकलेला.
तिनं एवढंच लिहिलंय:
"सर, तिकडचे कापूस वेचणारे सुटले म्हणून इकडे भाव वाढला,
तर आपण खूश काऊन झालो?
अन् सुटल्यावर ते गेले कुठं? पुस्तकात नाही."

तसं पाहिलं तर चूक आहे.
भाव वाढला तो बंदरं अडवली म्हणून.
दीड गुण कापता येतो.

कापला नाही. उठून पाणी प्यायलो.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, कायम सूतखात्यात.
विणखात्यात पगार जास्त, हे त्यांना ठाऊक होतं.
पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे,
आणि ज्या धोट्याला बाबांचे ओठ लागले असते
त्याला दुसऱ्या कुणाचे लागले नसते.
पाटी नव्हती कुठं. नियम कुणी वाचून दाखवला नव्हता.
बाबा सांगताना हसायचे,
म्हणायचे, "आपल्या थुंकीले लई भाव होता बाप्पा."

फळ्यावर मी जगाचा नकाशा काढायचो,
कापसाचे बाण: इकडून मँचेस्टर, तिकडून मँचेस्टर.
आमच्या घरावरून गेलेला बाण
दरवर्षी तास संपल्यामुळे राहायचा.

आता मिलच्या जागी मॉल आहे.
सरकत्या जिन्यावर बाबांना एकदा नेलं होतं.
पायरी आपोआप वर जाते हे पाहून
ते कठड्याला घट्ट धरून राहिले.

झीरो माईलच्या दगडावर अंतरं कोरलीत,
चांदा, शिवनी, जबलपूर, हैदराबाद.
मापणाऱ्याला जिथं जायचं होतं, तेवढीच.
इंदोऱ्यापासून मिसिसिपी किती मैल, ते नाही.
इंदोऱ्यापासून सीताबर्डी किती, तेही नाही.

हे सगळं शाहीनला सांगावं
आणि छाती थोडी फुगवावी, असं वाटेवाटेपर्यंत
आठवला कप.

आमच्या मोरीच्या भिंतीवर एक कप होता, कान तुटलेला.
संडास झाडायला यायची सुखवंतीबाई,
तिच्या चहाचा. तिचाच.
चौदाव्या वर्षी पांढरं लुगडं नेसून
मैदानावर लाखोंच्या गर्दीत उभी राहिलेली माझी आई
तो कप वेगळा विसळायची.
मी विचारलं नाही कधी.
मला तर तो दिसायचाही नाही,
इतका रोज दिसायचा.
सुखवंतीबाई यायची बंद झाली तेव्हा
बाबांनी त्यात दाढीचा ब्रश ठेवला.
फोडला कुणीच नाही.

जगाचा इतिहास शिकवला मी, शाहीन.
क्रांत्या शिकवल्या सनावळीसकट.
सुटलेली माणसं कुठं जातात, तुझा प्रश्न.
काही उत्तरेकडे गेली, काही त्याच शेतात उरली,
काही सुटल्या सुटल्या
मोरीच्या भिंतीवर
दुसऱ्या कुणासाठी एक कप ठेवून आत आली.
याला गुण किती द्यायचे, आणि कुणी?

समासात लिहिलं: मलाही नीट माहीत नाही.
सोमवारी ग्रंथालयात ये, बघू.
गुणांची चौकट रिकामीच आहे अजून.

कूलरच्या वाऱ्यानं घडीतला तंतू उडाला
आणि माझ्या ओठाला येऊन चिकटला.
थू करायला तोंड उघडलं,
आणि तसाच राहिलो.